डॉज माझी, ओव्हरड्राइव्ह तिचा

मी, डेलमार अनरू, वय वर्षे सत्याहत्तर, धंदा गिअरबॉक्स दुरुस्ती, राहणार ग्रेट बेंड, बार्टन काउंटी, राज्य कॅन्सस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि सकाळची दुसरी कॉफी झाल्यावर लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, डावा कान इंजिनांनी खाल्ला, पण डोकं जाग्यावर आहे. कोणाला शंका असेल तर माझे डोळे बांधून गिअरबॉक्समधली कोणतीही वॉशर हातात द्यावी, ती कुठली ते मी सांगेन. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. एकच होतं, आणि ते गॅस्केटच्या खोक्यावर लिहिलेलं होतं.

माझी वकील लेनोरा ड्रायलिंग म्हणाली, कलमं पाडून लिहा, मी नंतर कायद्याच्या भाषेत बसवते. मी तिला सांगितलं की माझं आहे तसंच राहू दे. त्यामुळे पुढे काही पाल्हाळ दिसला तर दोष माझा.

कलम १. घर. ब्रॉडवेवरचं राहतं घर, मागच्या अंगणासकट आणि वादळात लपायच्या तळघरासकट, माझी मुलगी ट्वायला हिला मिळावं. ती विचिटाला असते आणि दर रविवारी फोन करून विचारते, "बाबा, ते भंगार विकलं का?" भंगार म्हणजे काय ते पुढे येईलच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलाचा काळा डाग आहे. १९८८च्या थँक्सगिव्हिंगला टर्की भट्टीत असताना मी त्यावर गिअरबॉक्सचं पोट उघडलं होतं. टेबल घासून तो डाग काढू नये, ही विनंती.

कलम २. बँकेत जे उरेल त्यातला निम्मा वाटा ट्वायलाला आणि निम्मा आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला. त्यातून नवी भट्टी घ्यावी. जुनीत बीरॉक, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव, एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूचा कोबी कच्चाच राहतो. तीस वर्षं मी ते मुकाट खाल्ले.

कलम ३. हत्यारं, गाडीखाली शिरायच्या खड्ड्यावरचा दिवा आणि वर्कशॉपमधला लिफ्ट कम्युनिटी कॉलेजच्या मोटार विभागाला. अट एकच. धागे सुटणाऱ्या फडक्यानं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणी पुसायचा नाही. एवढं जरी विद्यार्थी शिकले तरी माझं सोनं झालं.

कलम ४. हार्लन बीकर. हा माझा पन्नास वर्षांचा मित्र आणि आमच्या मोटार क्लबचा अध्यक्ष. हातानं गिअर टाकायच्या गाड्यांशिवाय याला जगात काही दिसत नाही. माझ्या जुन्या डॉज गाडीला मी ओव्हरड्राइव्ह (ही जास्तीची पेटी काय करते ते पाचव्या कलमात) जोडायला काढला तेव्हा हा सगळ्या क्लबसमोर म्हणाला, "डेल, लेका, ऑटोमॅटिक म्हणजे आजीबाईंची गाडी. त्याला शेपटी लावून ती काय धावणार? चर्चला वेळेवर पोचशील एवढंच!"

तर १९८६च्या जूनमध्ये, पाव मैलाच्या स्पर्धापट्टीवर, मी या हार्लनला तीन शतांश सेकंदानं हरवलं. दुसरा गिअर संपत आला की तिसरा टाकायच्या आधी ओव्हरड्राइव्हचं बटण दाबायचं, म्हणजे मध्ये एक जास्तीची पायरी मिळते आणि इंजिनाचा दम तुटत नाही. तीन गिअरचे सहा होतात. एवढंच गुपित होतं. नंतर त्यानं त्याची गाडी ट्रेलरवर चढवून बांधली, आणि मी माझी खिडकी खाली करून, रेडिओ लावून घरी चालवत नेली. त्या शर्यतीची वेळ छापलेली चिठ्ठी मी काचेच्या चौकटीत बसवली आहे. ती हार्लनला मिळावी. त्यानं ती दिवाणखान्यात टांगावी.

कलम ५. डॉज. आता मुद्द्यावर येतो.

माझी १९६७ची हळदी रंगाची डॉज. तिचा मागचा अॅक्सल असा आहे की हिरवा दिवा लागताच ती उसळते. पण त्याच अॅक्सलमुळे हायवेवर सत्तरच्या वेगाला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेरे मारत किंचाळतं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडायची भोपळ्याएवढी पेटी. बटण दाबलं की चाकं तेवढीच फिरतात आणि इंजिन वीस टक्के कमी. एकाच गाडीत शर्यत आणि सहल, दोन्ही. ही पेटी बसवायची तर मागची चाकं फिरवणारा शाफ्ट आखूड करावा लागतो, आणि त्यासाठी १९८२ मध्ये मी केन यांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो.

दुकानात मालकाची मुलगी आर्लिस होती. मी माप लिहिलेला कागद दिला. तिनं तो वाचलाही नाही. "गाडी कुठंय?" "माप दिलंय की." "तू दिलंयस. मी घेतलेलं नाही." ती गाडीखाली शिरली, बाहेर आली आणि म्हणाली, "पाऊण इंच चुकलायस. असा शाफ्ट बसवला असता तर रस्त्यात पडला असता." मी त्याच आठवड्यात तिला जेवायला विचारलं. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल, आमच्याकडे जोडीनंच खातात तसे. लग्न पुढच्या वसंतात.

ओव्हरड्राइव्ह तिनं तिच्या वेल्डिंगच्या कमाईतून घेतला होता. बटणाची वायरही तिनंच ओढली, आणि रस्त्यावर बटण कायम तिच्या हातात असायचं. मी चालवायचो, ती दाबायची. वेग कमी झाला की पेटी आपोआप बंद करणारा एक विजेचा डबा तेव्हा बाजारात आला होता. मी म्हणायचो, मला डबा कशाला, माझ्याकडे आर्लिस आहे. हे मी कौतुकानं म्हणायचो. आता लिहिताना जरा वेगळं ऐकू येतं.

या पेटीचा एकच नियम आहे: ओव्हरड्राइव्ह चालू असताना गाडी मागे घ्यायची नाही. घेतली की आतला एकाच दिशेनं फिरणारा क्लच फुटतो, आणि पेटी मेली. म्हणून रिव्हर्स टाकण्याआधी मी विचारायचो, "बंद?" आणि ती सांगायची, "बंद." चोवीस वर्षांत हे आम्ही किती वेळा म्हटलं असेल! घरच्या अंगणातसुद्धा म्हणायचो. ट्वायला लहानपणी तिची खेळण्यातली गाडी मागे घेतानाही विचारायची.

२००६ मध्ये आम्ही दोघं एका पाच दिवसांच्या शर्यतीला गेलो. रोज एक नवी स्पर्धापट्टी, आणि मधला सगळा रस्ता तीच गाडी चालवत कापायचा. ट्रेलरवर चढवली की बाद. चौथ्या दिवशी आम्ही आमच्या गटात पहिले होतो. वाटेत एका धान्याच्या कोठाराच्या पाटीसमोर गाडीचा फोटो काढायचा होता, ते ठिकाण गाठल्याचा पुरावा म्हणून. मी पाटीच्या पुढे गेलो. मागे घेतली. गाडीच्या पोटातून असा आवाज आला की फोटो काढायला थांबलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

मी खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मी विचारलं होतं. ती 'बंद' म्हणाली."

आर्लिस एवढंच म्हणाली, "तू विचारलं नाहीस, डेल." मग ती गाडी ओढून न्यायला आलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसली.

वर्षभरात घटस्फोट झाला. न्यायाधीशांना ओव्हरड्राइव्ह म्हणजे रेडिओसारखं काहीतरी वाटलं असावं, कारण त्यांनी गाडी मला दिली आणि ओव्हरड्राइव्ह तिला. फुटलेला, पण तिचा. ती वर्कशॉपमध्ये आली, पाठीवर झोपून तीन तासांत तो सोडवला, माझे बोल्ट कॉफीच्या डब्यात मोजून ठेवले आणि मॅकफर्सनला राहायला गेली. मी लांब शाफ्ट दुसऱ्या एकाकडून करून घेतला. तो साठच्या पुढे थरथरतो. तिनं कापलेला आखूड शाफ्ट मी वर्कशॉपच्या दारावर टांगून ठेवला आहे.

म्हणून मी असं जाहीर करतो: डॉज, तिच्या चाव्या आणि तो आखूड शाफ्ट आर्लिस केन हिला मिळावा. अर्धी गाडी आधीच तिची आहे, उरलेली अर्धीही तिच्याकडे जावी. तिनं नाकारली तर ट्वायलाकडे जावी, आणि विकण्याआधी ट्वायलानं ती एकदा तरी शंभर मैल चालवावी.

आणि असंही जाहीर करतो की २००६च्या त्या गुरुवारी मी विचारलं नव्हतं. पाटीचा फोटो नीट यावा एवढंच डोक्यात होतं. आर्लिस खरं बोलली आणि मी सगळ्यांसमोर खोटं. अठरा वर्षं मला याची लाज वाटत आली आहे.

जोडलेला मजकूर, सह्यांपूर्वीचा.

वरची पाच कलमं घेऊन मी सोमवारी लेनोराकडे गेलो. तिनं चष्मा लावून पाचवं कलम दोनदा वाचलं.

"मिस्टर अनरू, हे आर्लिसबाई तुम्ही गेल्यावर वाचणार?"

"हो. मृत्युपत्र आहे ना."

"म्हणजे त्या काय बोलतील ते तुम्हाला ऐकायला नको."

एवढ्याशा मुलीनं मला असं बोलावं! तिला गाडी पार्क करायला मी शिकवलं होतं. मी कागद उचलले, बाहेर पडलो आणि डॉज घेऊन थेट मॅकफर्सनचा रस्ता धरला. साठ मैल, इंजिन किंचाळतंय, शाफ्ट थरथरतोय, आणि एका ट्रॅक्टरवाल्यानं मला हातानं खूण केली की काहीतरी मोडलंय.

आर्लिस लेथवर होती. मी कागद पुढे केला. तिनं हात पुसले आणि उभ्या उभ्याच पाचवं कलम वाचलं. नंतर म्हणाली, "पेन्सिल दे." मला वाटलं आता कागदावर काट मारणार. तिनं 'वीस टक्के' खोडून 'बावीस' केलं.

"अर्धं शतक हा धंदा करतोयस आणि आकडा चुकतोस."

"आर्लिस, मी विचारलं नव्हतं."

"मला माहीत आहे. मी शेजारी बसले होते." मग तिनं लेथ बंद केला. "तुझा हात गिअरवर गेलेला मी पाहिला होता, डेल. बटण चालू होतं. ओरडायला एक सेकंद होता. मी नाही ओरडले."

"का?"

"त्या सकाळी रेडिओवाल्यानं विचारलं की गाडी कोणी बनवली. तू म्हणालास, 'मी.'"

मला ते आठवतही नव्हतं. मी तिथं एका स्टुलावर बसलो आणि रडलो, आणि मग हसायला आलं, आणि तीही हसली. दोन म्हातारी माणसं, अठरा वर्षं, एका सेकंदासाठी! गाडी घेणार की नाही ते मात्र तिनं सांगितलं नाही. "सही कधी आहे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बुधवारी दहाला.

बुधवारी लेनोराच्या ऑफिसात हार्लन साक्षीदार म्हणून नवा शर्ट घालून आला. लेनोरा म्हणाली, "तुम्हाला सही करता येणार नाही. चौथ्या कलमात तुम्हाला वस्तू दिली आहे. इथं साक्षीदार दोनच, आणि मृत्युपत्रात ज्याला काही दिलंय त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याची ती वस्तू रद्द होते."

"कुठली वस्तू?" हार्लननं वाचलं. "ती चिठ्ठी? चौकटीत? आण इकडे पेन!"

आम्ही हसत असतानाच बाहेर पिकअप थांबल्याचा आवाज आला. आर्लिस आत आली. तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि लेनोराला विचारलं, "दुसरी सही कुठं करायची?"

"आर्लिसबाई, तुम्ही सही केलीत तर गाडी तुम्हाला मिळणार नाही."

"म्हणूनच करायची आहे."

"मग यांच्या मागे गाडी जाणार कोणाकडे?"

"ट्वायलाकडे जाईल, लिहिलंय की. पण आत्ता कशाला? हा माणूस अजून मेलाय कुठे?"

मी खिडकीतून पाहिलं. पिकअपच्या मागे जुन्या रजईत काहीतरी गुंडाळलेलं होतं, भोपळ्याएवढं. ओव्हरड्राइव्ह तिनं सोडवून नेला त्याच हिवाळ्यात दुरुस्त करून ठेवला होता, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून रजईत. मला पुढे काही लिहिता येत नाही, म्हणून इथेच सही करतो.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि मी तो राजीखुशीनं लिहिला आहे.

डेलमार अनरू (सही)
ग्रेट बेंड, कॅन्सस
बुधवार, ता. १४ ऑगस्ट २०२४

आमच्यासमोर डेलमारनं शुद्धीत सही केली, आणि एकमेकांसमोर आम्हीही.

साक्षीदार पहिला: हार्लन बीकर (सही)
माझा शेरा: १९८६ला वारा माझ्या तोंडावर होता.

साक्षीदार दुसरी: आर्लिस केन (सही)
माझा शेरा: मेलेल्या माणसाची गाडी मला नको. डेल, उद्या सकाळी सहाला गाडी लिफ्टवर चढवून ठेव आणि आखूड शाफ्ट दारावरून उतरवून पूस. धागे न सुटणाऱ्या फडक्यानं. ती पाच दिवसांची शर्यत सप्टेंबरात आहे, नाव मी दोघांचं घातलंय. बटण माझ्याकडे राहील. आणि मागे घेताना विचारायचं.