मडगार्डच्या टक्स

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

ह्यांच्या जुन्या उघड्या गाडीचं मागचं मडगार्ड घडवताना दोनदा बिघडलं. पत्र्याला गोलाई येईना. आज गॅरेजात चहा द्यायला गेले आणि बोलून बसले, "ब्लाऊजला टक्स घालतात, तशा घाला की." कशी काय बोलले, कोण जाणे. हे हसले. पत्र्याचं काम करणारे दस्तगीरचाचा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, कागदावर कापून दावा."

मडगार्डच्या सांगाड्यावर वर्तमानपत्र ठेवून मी टक्स घातल्या. चाचांनी त्याबरहुकूम पत्रा कापला, जोडला, ठोकला. अगदी अंगासरसा बसला. हे बघतच राहिले.

"दुसऱ्या बाजूचा कागद बी तुमीच कापा," चाचा म्हणाले.

खरं तर तोच कागद उलटा केला की झालं. चाचांना एवढं कळत नसेल? पण मी आपलं 'हो' म्हटलं. उद्या कात्री घेऊन जाणार.