पियानोला दिलेली वाहवा

नल्लकुंटा, हैदराबाद, डिसेंबर १९५६. रविवार, संध्याकाळ.

आज रेडिओवर त्या पियानोवाल्या बाईंची सिकंदराबादची मैफल लावली, आम्ही दोघं गेलो होतो ती. देशोदेशी वाजवून आलेल्या बाई, पण ध्वनिमुद्रण करायचं ते लोकांसमोरच, असा त्यांचा हट्ट. मला एकच धाकधूक होती, ह्यांची वाहवा ठेवली असेल की कापली असेल?

त्या दिवशी सगळा हॉल श्वास रोखून बसलेला. बाईंनी एक हळवी जागा घेतली आणि पहिल्या रांगेतून हे मोठ्यांदा म्हणाले, "वाहवा." गवयाला द्यावी तशी. माणूसच तसा, आमटीलाही वाहवा म्हणणार. सगळे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नोव्हेंबरात हैदराबाद राज्य तुटलं, ह्यांची बदली औरंगाबादला झाली. मुलांच्या परीक्षेपर्यंत मी इथेच.

आज ती जागा आली, आणि वाहवाही आली. शेजारच्या शकुंतलाम्मा हसल्या, "ये तो तुमारे साहब की आवाज है."

मागोमाग एक दबका आवाज, "अहो, गप्प बसा ना." माझाच.

इतकं कशाला चिडले मी?

आजची आमटी छान झाली होती. कोणी काही म्हणालं नाही.