माझे ठरलेले लग्न आईच्या नावे करण्याबाबत

प्रति,
मा. विवाह नोंदणी अधिकारी,
विवाह नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : विवाहसूचनेतून वधू म्हणून लागलेले माझे नाव काढून तेथे माझ्या आईचे नाव घालणे, आणि त्यासाठी तिची घोषणा यंत्राऐवजी आपण स्वतः ऐकणे.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या फलकावरील विवाहसूचना. २) त्या सूचनेवरून मला आलेली कारणे दाखवा नोटीस. ३) माझी आई ही तिच्या नियोजित वराची सासू असल्याचे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. मी मोजमाप प्रयोगशाळेत उपकरणे तपासण्याचे काम करते. तराजू, तापमापक, दाबमापक खरे सांगतात की नाही हे पाहायचे आणि सांगत नसतील तर ते बाजूला काढायचे, एवढेच माझे काम. हे आधीच नमूद करते, कारण पुढच्या घोळात माझ्या या सवयीचा हात आहे.

२. माझी आई शाळेत शिवण शिकवत असे. घशाच्या कर्करोगामुळे तिचे स्वरयंत्र काढावे लागले. तेव्हापासून ती गळ्याला एक हातात मावणारे यंत्र टेकवून बोलते. त्यातून कंप येतो. ओठ, जीभ, शब्द आणि मते तिची स्वतःची. आवाज सपाट आणि घरघरता असतो. फोनवर तो ऐकून लोक ध्वनिमुद्रित जाहिरात समजतात आणि फोन ठेवतात. माझ्या सख्ख्या मावशीने एकदा "कर्ज नकोय" म्हणून ठेवला होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला चष्म्यांचे दुकान आहे. त्याच्या मालकांनी (यापुढे 'चष्मेवाले') मात्र ठेवला नाही. "बोला, ऐकतोय, सावकाश होऊ द्या," असे म्हणून त्यांनी काडी मोडल्याची संपूर्ण तक्रार ऐकून घेतली. त्यानंतर आईच्या चष्म्याच्या काड्या वारंवार मोडू लागल्या. यथावकाश दोघांनी लग्न करायचे ठरवले. ते मला कळवताना आई म्हणाली, "तुझी परवानगी मागत नाहीये. सांगून ठेवतेय."

३. घाईचे कारण असे की चष्मेवाल्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असून शस्त्रक्रिया लांबवू नये असे डॉक्टरांचे मत होते. रुग्णालयात संमतीपत्रावर सही करायला आणि नंतर रुग्णाजवळ बसायला नात्याचे माणूस लागते. विवाहसूचना लागली असेल तर नियोजित जोडीदारही चालतो. नुसती मैत्रीण चालत नाही. चष्मेवाल्यांना मूलबाळ नाही. एक चुलतभाऊ आहेत, पण त्यांच्याशी सामाईक भिंतीवरून दावा सुरू आहे. "तो सही करेल हो," चष्मेवाले म्हणाले, "पण नेमकी कुठल्या कागदावर करेल याचा भरवसा नाही."

४. म्हणून आम्ही आपल्या कार्यालयात आलो. नियमाप्रमाणे वर आणि वधू या दोघांनी खिडकीवरच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रासमोर स्वतःच्या नैसर्गिक आवाजात घोषणा करायची असते : "हा विवाह मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे." चष्मेवाल्यांची घोषणा यंत्राने लगेच घेतली. आईची घेतली नाही. पडद्यावर 'कृत्रिम आवाज' असे उमटले. तिने पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. नंतर पडदा लाल झाला आणि 'तोतयेगिरीचा संशय' अशी नोंद पडली. खिडकीवरच्या लिपिकबाईंनी सुचवले की घसा बसला असेल तर कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि बरे वाटल्यावर यावे. आईने गळ्याचा रुमाल सोडून शस्त्रक्रियेची जागा दाखवली. बाई ओशाळल्या. "मला दिसतंय हो, काकू," त्या म्हणाल्या, "पण यंत्राला डोळे कुठायत?" आई म्हणाली, "कानही धड नाहीत त्याला."

येथे नमूद करते की जो अवयव काढला त्यालाही आपल्या भाषेत यंत्रच म्हणतात. म्हणजे माझी आई जन्मल्यापासून यंत्रानेच बोलत आली आहे, पहिले बिघडले म्हणून तिने दुसरे घेतले, असा युक्तिवाद मला करता आला असता. परंतु तो शब्दच्छल होईल. माझे म्हणणे त्यावर टेकलेले नाही.

५. लिपिकबाईंनी दुसरा मार्ग सांगितला. ज्यांना बोलता येत नाही त्यांना खुणांनी घोषणा करता येते. त्यासाठी वैद्यकीय मंडळाचा मूकत्वाचा दाखला हवा. आम्ही मंडळापुढे गेलो. आत जाण्यापूर्वी मी आईला बजावले होते की काहीही विचारले तरी गप्प राहा. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारले, "काय त्रास होतो?" आईने तो सांगितला. आपल्या कार्यालयापासून सुरुवात करून, मधे माझ्या मावशीला घेऊन, तिने मंडळाच्या दाराबाहेरच्या बाकाची मोडकी फळीही सोडली नाही. अध्यक्षांनी दाखल्यावर लिहिले : 'रुग्ण बोलते. सुस्पष्ट व भरपूर.' बाहेर आल्यावर मी आईवर चिडले, तर ती म्हणाली, "इतकं सोसून परत बोलायला शिकले, ती काय मुकी म्हणवून घ्यायला?" सारांश, बोलणाऱ्यांच्या नियमासाठी तिचे बोलणे पुरत नाही आणि न बोलणाऱ्यांच्या नियमासाठी ते फार होते. या दोन नियमांच्या मधे जी फट आहे तीत माझी आई उभी आहे.

६. आता माझी चूक. आम्ही पुन्हा आपल्या कार्यालयात आलो तेव्हाही यंत्राने नकार दिला. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाने संशयास्पद आकडा दाखवला की त्यावर आधी माहितीतले, प्रमाणित वजन ठेवून पाहतात. त्याचे वजन बरोबर आले तर उपकरण ठीक, नाहीतर दोष उपकरणाचा. त्या सवयीने मी लिपिकबाईंना म्हणाले की यंत्र मुळात चालते की नाही हे तरी पाहू. तेच वाक्य मी म्हणून बघते. त्या म्हणाल्या, "बघा की." मी ध्वनिग्राहकाजवळ वाकून म्हणाले की हा विवाह मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. पडदा हिरवा झाला. घर घेताना केलेल्या नोंदणीमुळे माझा आवाज सरकारदरबारी आधीच जमा होता. त्यावरून यंत्राने मला ओळखले, वधूच्या रकान्यात माझे नाव घातले आणि आम्हा सर्वांचे अभिनंदन केले. चाचणी आणि लग्न यांत फरक करण्याची सोय त्या यंत्रात नाही. माझे लग्न पूर्वीच झाले असल्याची नोंद दुसऱ्या विभागाच्या यंत्रात आहे, आणि त्या दोन यंत्रांची अद्याप भेट झालेली नाही. लिपिकबाईंनी कपाळाला हात लावला. चष्मेवाले आईला म्हणाले, "मी काही बोललो नाही हं." एकदा हिरवी झालेली नोंद खिडकीवरून पुसता येत नाही, ती फक्त आपणच पुसू शकता, आणि आपण प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होतात.

७. सूचना फलकावर लागली. माझी नणंद काही कामासाठी आपल्या इमारतीत आली असता तिने ती वाचली, तिचे छायाचित्र काढले आणि ते घरच्या सर्व मंडळींना पाठवले. वर लिहिले, 'वहिनी, हे काय?' माझे पती मितभाषी आहेत. त्यांनी संध्याकाळी चहा पुढे करत एवढेच विचारले, "मला कधी सांगणार होतीस?" सासूबाईंचे म्हणणे पडले की मुलाला सोडायचेच होते तर निदान धडधाकट हृदयाचा तरी बघायचा. त्या थट्टेत म्हणाल्या, असे मी धरून चालले आहे. नणंदेने मात्र भावाच्या काळजीने रीतसर आक्षेप नोंदवला, आणि त्यावरून पती हयात असताना दुसरा विवाह योजल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, अशी विचारणा मला झाली. कारणे दाखवण्यासाठी तीन ओळींची जागा आहे.

८. मी विवाहातून माघार घेण्याचा प्रयत्न केला. माघारीची तीनच कारणे यंत्राला मान्य आहेत : मृत्यू, मतपरिवर्तन, फसवणूक. मी जिवंत आहे. माझे मत कधी तसे नव्हतेच, त्यामुळे त्याचे परिवर्तन झालेले नाही. राहिली फसवणूक, ती निवडली तर कोणी फसवले ते सांगावे लागते आणि तेथे एकच नाव निवडता येते, ते चष्मेवाल्यांचे. ज्या माणसाला जिना चढताना दम लागतो त्याच्यावर मी फसवणुकीचा आरोप ठेवणार नाही.

९. आईने दरम्यान स्वतःच्या नावे नवा अर्ज केला. त्याचे उत्तर संदर्भ तीनमध्ये आहे. यंत्राने हिशेब असा केला : चष्मेवाल्यांची वधू मी, माझी आई ती, म्हणून ती चष्मेवाल्यांची सासू, आणि सासू-जावयाचा विवाह निषिद्ध नात्यात येतो. तर्कात मला चूक सापडली नाही. मोजमापाच्या कामात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की सुरुवातीचा आकडा चुकला की पुढचे गणित जितके अचूक, तितके उत्तर वेडे येते. ते पत्र वाचून चष्मेवाले आईला वाकून नमस्कार करायला निघाले, तेव्हा तिने त्यांना चप्पल दाखवली. त्या दिवशी आम्ही शेवटचे हसलो.

१०. तक्रारीच्या फोनवर आपल्या विभागाचे यंत्र बोलते. त्याचा आवाज गोड आहे, पण नैसर्गिक नाही. पत्रेही तेच पाठवते, आणि ती यंत्राने काढलेली असल्याने त्यांवर सहीची आवश्यकता नाही, असे खाली छापलेले असते. म्हणजे कार्यालयाने यंत्रातून बोललेले कायद्याला चालते. माझ्या आईने यंत्रातून बोललेले मात्र तोतयेगिरी ठरते. आईने त्या फोनवर आपले म्हणणे मांडले. "क्षमस्व, मला समजले नाही," असे ते यंत्र म्हणत राहिले आणि ही पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी शेजारी बसून ते दोन्ही आवाज ऐकत होते. त्यातला कोणता माणसाचा, हे सांगायला मला उपकरण लागले नाही.

११. महोदय, मी आपली नियमावली शेवटपर्यंत वाचली आहे. अखेरच्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की यंत्राने घोषणा नोंदवणे शक्य नसेल तेव्हा नोंदणी अधिकाऱ्याने ती समक्ष ऐकावी, आपली खात्री करून घ्यावी आणि स्वहस्ते नोंदवावी. मी हे कलम लिपिकबाईंना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. "कलम आहे खरं," त्या म्हणाल्या, "पण पडद्यावर त्याचं बटण नाही." त्यांना मी दोष देत नाही. बटण नसलेले कलम वापरायचा अधिकार त्यांचा नाही, आपला आहे. आपण परत आल्याचे आज त्यांनीच आठवणीने फोन करून कळवले.

१२. आज सकाळी चष्मेवाल्यांना शस्त्रक्रियेसाठी नेले. काल त्यांना एकाएकी फार त्रास झाला. थांबणे शक्य नव्हते. संमतीपत्रावर सही कोण करणार असे विचारल्यावर आई पुढे झाली. तेथील कर्मचाऱ्याने आपल्या कार्यालयाच्या विवाहसूचनेची प्रत पाहिली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी सही केली. नात्याच्या जागी 'नियोजित वधू' लिहिले. आयुष्यात मी चुकीच्या मापावर सही केलेली नाही, ही पहिली. आत घेऊन जाताना त्यांनी आईचा हात धरला होता, तो दाराशी सोडवावा लागला, कारण दाराच्या आत एकाच नातेवाइकाला घेतात आणि नोंदीप्रमाणे ती मी आहे. हा अर्ज मी आतल्या खुर्चीवर बसून लिहीत आहे.

१३. आत्ताच परिचारिका सांगून गेल्या की शस्त्रक्रिया नीट पार पडली. दिवस मावळायच्या सुमारास ते शुद्धीवर येतील. त्या वेळी रुग्ण गोंधळलेला असतो, नळ्या ओढतो. जवळच्या माणसाने बोलत राहावे, ओळखीचा आवाज कानावर पडला की तो शांत होतो. "तुम्ही बोलाल ना?" असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणाले असते तर खुर्ची रिकामी राहिली असती. पण मी त्यांच्याशी काय बोलू? त्यांचा ओळखीचा आवाज तो नव्हे.

तरी विनंती आहे की वरील कलमानुसार आपण माझ्या आईची घोषणा आजच समक्ष ऐकावी, सूचनेत माझ्या जागी तिचे नाव लिहून खाली सही करावी आणि तिची एक प्रत तिच्याच हाती द्यावी. रुग्णालय ती प्रत मान्य करेल, असे मी विचारून घेतले आहे. मला पाठवलेल्या नोटिशीचे काय करायचे ते सावकाश ठरवले तरी चालेल. दंड झाल्यास भरेन.

आपले कार्यालय येथून रस्ता ओलांडून समोरच आहे, पण मला खुर्ची सोडता येत नाही. म्हणून अर्ज पोस्टाने अथवा यंत्रामार्फत न पाठवता हाती पाठवत आहे.

दिवस मावळण्यापूर्वी ही खुर्ची रिकामी करून देण्यास उत्सुक,

आपली नम्र,
(सही)
उपकरण तपासनीस, मोजमाप प्रयोगशाळा;
आपल्या फलकानुसार, वधू

सोबत :
१) वैद्यकीय मंडळाचा दाखला, 'रुग्ण बोलते' असा शेरा असलेला.
२) विवाहसूचना, नोटीस आणि सासूविषयीचे पत्र यांच्या प्रती.
३) नियमावलीच्या शेवटच्या पानाची प्रत.
४) हा अर्ज घेऊन आपल्यासमोर उभी असलेली व्यक्ती. कृपया तिला बसायला सांगावे आणि बोलू द्यावे.