घाट चढवणाऱ्या कार्डाचं मृत्युपत्र

लिहून ठेवणार : उज्वला मल्हारी पगारे, वय अडुसष्ट, महानगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त परिचारिका, राहणार जेल रोड, नाशिक रोड. माझी बुद्धी जागेवर आहे, रक्तदाब आज सकाळीच मी स्वतः तपासला आहे, आणि हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. उलट दोघांनी नको म्हटलं. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे पती मल्हारी खंडेराव पगारे हयात असेपर्यंत तो त्यांच्या वापरात राहील. त्यानंतर मुलगा अश्विन आणि मुलगी अंजली यांना समान वाटा. अंजलीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा कमी, असं कोणी सुचवू नये.

कलम २. पोस्टातील ठेवी आणि माझं पेन्शन खातं यांचे अर्धे पैसे पतीच्या औषधपाण्यासाठी, उरलेले दोन्ही मुलांना समान. शिलाई मशीन अंजलीला. रक्तदाब तपासायचं यंत्र शेजारच्या ज्योत्स्नाबाईंना, कारण त्या तसंही रोज तेच वापरतात.

कलम ३. संगणक आणि त्यातील ग्राफिक्स कार्ड. या एका वस्तूवरून घरात इतकं बोललं गेलं आहे की खुलासा केल्याशिवाय मला ती कोणाला देता येणार नाही.

हे कार्ड म्हणजे संगणकाच्या पेटीत बसणारा, पडद्यावरचं चित्र उभं करणारा भाग. आमचं कार्ड बाजारातलं सर्वात वरचं आहे. त्या किमतीत जुनी पण चालती मोटार आली असती. ते यांनी हट्टाने घेतलं असा सगळ्यांचा समज आहे. तसं नाही. ते मी घेतलं, माझ्या पैशातून, यांना न विचारता.

माझे पती रेल्वेत इंजिनचालक होते. कसारा घाटातून त्यांनी उभी हयात गाड्या चढवल्या. जेवताना बोगदे सांगायचे, पावसाळ्यातले धबधबे सांगायचे. मला एकदा इंजिनातून तो घाट बघायचा होता. पण घरच्या माणसाला इंजिनात घ्यायचं नाही हा नियम, आणि हे नियमाचे पक्के. निवृत्तीनंतर मात्र यांचं बोलणंच आटलं. स्टेशनकडे फिरकेनात. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून बसत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, बोलणं आलं नाही.

नात सृष्टी, अश्विनची मुलगी, संगणकावर त्रिमिती चित्रं करायला शिकत होती. तिने अभ्यासाचा भाग म्हणून कसारा ते इगतपुरी हा घाट संगणकात उभा केला. तिच्या लॅपटॉपवर गाडी गचके खात चालली. हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घाटात गाडी अशी हादरत नाही. आणि हा बोगदा वळणावर पाहिजे." कित्येक आठवड्यांतली ती त्यांची पहिली सलग दोन वाक्यं. त्या दिवसापासून आजोबा सांगायचे आणि सृष्टी घाट दुरुस्त करायची.

आधी आम्ही शहाण्यासारखं मधल्या दर्जाचं कार्ड आणलं. मोकळ्या रुळावर ते छान चालायचं. घाटातली दाट झाडी आणि पाऊस आला की चित्र अडखळायचं, आणि गाडी चालवणारे हे कळफलकावरून हात काढून घ्यायचे. मी महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, मॅडम, याची गरज शंभरात एखाद्यालाच असते, आणि दोन वर्षांनी याला निम्मी किंमत येणार नाही. मी म्हटलं, द्या. ते इतकं जड निघालं की पेटीत त्याला खालून टेकू द्यावा लागला, आणि वीजपुरवठ्याचा डबाही नवा घ्यावा लागला.

अश्विन अंबडला कंपनीत खर्च कमी करायचंच काम करतो. तो आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. माझा भाऊ रवी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "ताई, या वयात दाजींना खेळणं? मधल्या कार्डात भागलं असतं."

मग एका रविवारी कार्ड जोडलं. पडद्यावर पाऊस, समोर चढ. गाडी अजिबात अडखळली नाही. सिग्नल दिसला की चालकाने तो मोठ्याने सांगायचा आणि सहायकाने तोच परत बोलायचा, अशी रेल्वेची शिस्त आहे. हे सवयीने म्हणाले, "होम सिग्नल, हिरवा." आणि थांबले. बाजूला सहायक नव्हता. मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, "होम सिग्नल, हिरवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली. बोगद्यातून बाहेर पडताना दरी दिसली, तेव्हा माझ्या हातातली मेथी खाली पडली. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं समोर होतं.

आता प्रश्न किमतीचा. ज्याला नुसते खेळ खेळायचे आहेत, त्याने मधलं कार्ड घ्यावं. दुकानदार खरं बोलला. मला जे पाहिजे होतं ते मधल्या कार्डाच्या अडखळण्यापलीकडे होतं. माझ्यापुरती किंमत रास्त.

सबब हे कार्ड संगणकासह पतीच्या वापरात राहील. अश्विनने ते काढून विकू नये. त्यानंतर ते सृष्टीचं. तोवर ते जुनं झालं असेल. तिला आठवण म्हणून जपायची सक्ती नाही, खुशाल भंगारात द्यावं.

कलम ४. मधल्या दर्जाचं कार्ड खोक्यासह कपाटात आहे. ते भाऊ रवी यास द्यावं. त्याला तेवढ्यात भागतं.

कलम ५. व्यवस्थापक म्हणून अंजलीला नेमते. ती आवाज चढवत नाही आणि मागेही हटत नाही.

कलम ६. हे आजच का लिहिलं, याची कोणी काळजी करू नये. मला काही झालेलं नाही. काल यांनी स्वतः स्टेशनवर जाऊन दोन तिकिटं काढली. सृष्टीच्या घाटात एक पूल चुकलाय असं यांचं म्हणणं आहे, ते ताडून बघायला आम्ही रविवारी खऱ्या गाडीने कसाऱ्याला जात आहोत. खिडकी माझी, हे ठरलं आहे. बाहेरगावी निघताना कागदपत्रं नीट करून ठेवायची माझी सवय आहे, एवढंच.

वाचून, समजून, हसतमुखाने सही केली.

सही : उज्वला मल्हारी पगारे

आमच्या सगळ्यांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही :
१. ज्योत्स्ना दिलीप रूपवते, शेजारी (रक्तदाबाचं यंत्र मला मिळणार हे ऐकल्यावर मीच वेगळा साक्षीदार नेमा म्हटलं, म्हणून माझी सही फक्त हजर असल्याची)
२. किशोर बाबूराव अहिरे, निवृत्त गार्ड, मनमाड
३. नवसाबाई किशोर अहिरे, मनमाड

स्थळ : नाशिक रोड
दिनांक : १६ जानेवारी २०२६