एक पार्ट उरतो

२ मे १९९९, रविवार. लातूर.
माणूस ज्ञानाच्या वाटेवर निघाला की पहिला धोंडा घरातूनच येतो. बंद पडलेल्या फियाटचं इंजिन उघडायचं म्हणून परात घेतली, तर शिवगंगेनं ती हातातून काढून घेतली. म्हणाली, हिच्यात भाकरी थापते मी, तुमचं ग्रीस नको. न्यूटनला बायको नव्हती. उगाच नाही तीन नियम निघाले.

शेवटी भिंतीवरून शेजारच्या सालेहाभाभींना डबा मागितला. त्या म्हणाल्या, थांबा भाईसाब, आत काही हाय का बघून देते. म्हटलं, राहू द्या भाभी, टाइम नाही.

आणि खरंच नाही. १२ तारखेला शिरूर अनंतपाळला मेहुण्याची, रेवणसिद्धची, वास्तुशांती. भूकंपात घर पडल्यापासून ते सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. आता नवीन घर. कलश घेऊन उंबरा बहिणीनंच ओलांडायचा, आणि शिवगंगा एकुलती बहीण. पुढं लगेच अधिक महिना लागतो, म्हणजे मुहूर्त हलत नाही. तिचं एकच म्हणणं : बाबांच्या गाडीतून जायचं. भूकंपानंतर सासरे महिनाभर याच फियाटमध्ये झोपले होते.

मेकॅनिक गुरुवारी बघतो म्हणाला. मी हसलो. पंधरा वर्षं क्लासमध्ये फिजिक्स शिकवतोय.

४ मे.
हेड निघालं. आतले निम्मे पार्ट ओळखीचे नाहीत; त्यानं काही बिघडत नाही. पार्ट हातात घ्यायचा, चार ऑप्शन मांडायचे, तीन खोडायचे. उरतो तो बरोबर. याच मेथडनं पोरं मेडिकलला गेली, इंजिन कुठं जातंय! एका स्प्रिंगला मात्र ‘वरीलपैकी सर्व’ द्यावं लागलं.

६ मे.
काम ठप्प. कारण : शेजार. सालेहाभाभी नवऱ्यावर, अजीजभाईंवर, सकाळपासून ओरडून राहिल्यात. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक आंबत चाललाय आणि सोऱ्याची चकती गायब. अजीजभाई म्हणाले, मी काय चकती खातो का. भाभी म्हणाल्या, तुमचा भरोसा न्हाई. एका चकतीपायी केवढा तमाशा! माझं कॉन्सन्ट्रेशन गेलं. भिंतीवरून तसं सांगितलंही. भाभी सॉरी म्हणाल्या.

८ मे.
महत्त्वाचा शोध. डब्याच्या तळाशी एक अनोळखी पार्ट. पितळी, गोल, बारीक भोकं. ऑप्शन ए : ऑइलची जाळी. बी : कार्बोरेटरमधलं काहीतरी. सी : फक्त परदेशी मॉडेलला येणारं काहीतरी. रॉकेलनं धुतला. काय फिनिशिंग! इटालियन डोकं ते.

१० मे.
सगळं जोडलं. पितळी पार्ट उरला.

शिवगंगा म्हणाली, उरला तर उरू द्या, किल्ली फिरवून तर बघा. फिरवली नाही. एक मार्क गेला की मेडिकल गेलं, हे मी दरवर्षी पोरांना ओरडून सांगतो. एक प्रश्न कोरा ठेवून पेपर देणाऱ्यातला मी नाही. इंजिन पुन्हा उघडलं. उद्या दुपारपर्यंत जागा सापडते.

११ मे, दुपार.
ए बाद.

संध्याकाळ.
बी बाद. शिवगंगेनं एसटीच्या वेळा विचारल्या. वाईट वाटलं. सांगितलं, पहाटे पाचला गाडी दारात.

१२ मे, सकाळ.
गाडी दारात आहे. इंजिन पेपरवर आहे.

शिवगंगा इरकल नेसून अंधारापासून पायरीवर बसली होती. मी म्हणत होतो, दहा मिनिटं. पहिली एसटी गेली. मग ती उठली. पिशवी उचलताना माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाली, अहो, सालेहाभाभींची चकती तुमच्या हातात काय करून राहिली?

मी ऑप्शन सी खोडला. ती तोवर कोपऱ्यापर्यंत गेली होती.

१३ मे.
रेवणसिद्धचा फोन. ताई पोचली तेव्हा कलश आत गेला होता. त्याच्या मेहुणीनं नेला. थांबलो होतो दाजी, पण पूजा सांगणारे स्वामी म्हणाले वेळ टळती. ताई सगळ्यांना वाढत बसली. अधिकभर इथंच राहते म्हणती. जावयाचं वाण द्यायचंय, तुम्ही या की. गाडी झाली असंल तर.

म्हटलं, थोडंच राहिलंय.

१४ मे.
नट-बोल्ट परातीत ओतले. कुणी काही म्हणालं नाही.

डबा घासला. चकती चिंचेनं घासली, रॉकेलचा वास जाईपर्यंत. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून डब्यात साखर भरली आणि वर चकती ठेवली. दुपारी भाभी आडव्या झाल्यावर हळूच भिंतीवर ठेवून आलो.