सोनाबाईचा दोर

उंबरकोंड, ता. पोलादपूर
१२ जानेवारी २०२५

चि. रंगूस गोमादादाचे अ. उ. आ.

आज सकाळी अंगणात बसलो होतो आणि कानात एकदम तो आवाज आला. आपण दोघं नदी उतरून शाळेत जायचो, तेव्हा ओली रेती पायाखाली करकरायची आणि त्या तालावर तू पाठाची कविता म्हणायचीस. मधलं कडवं विसरलीस की पाण्यात धपकन उडी मारायचीस, म्हणजे मला कळू नये. पुढे छत्तीस वर्षं मी पोरांना कविता शिकवल्या, पण तसा ताल वर्गात कधी लागला नाही.

आता तिथे रेती नाही, खडक आणि खड्डे आहेत. काठावरची आपली पिण्याची विहीर डिसेंबरातच गढूळ झाली. रेतीच्या पुढच्या लिलावाआधी हरकत घ्यायचं गावाने ठरवलं आणि लिहायचं काम साहजिकच गुरुजींकडे आलं. मी चार पानं लिहिली. नदीला आई म्हटलं, रेतीला तिचं लुगडं म्हटलं, शेवटी स्वतःच्या आठ ओळी जोडल्या. सत्तर जणांनी सह्या-अंगठे केले. तहसील कचेरीतल्या साहेबांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, की गुरुजी, फार सुंदर. पण पाणी किती खाली गेलं, उपसा विहिरीपासून किती अंतरावर, यातलं काहीच नाही, मी शेरा काय मारू? सव्वीस तारखेच्या ग्रामसभेचा मोजमापांसह ठराव आणा, असं सांगून त्यांनी चहा पाजला. परतताना एस.टी.त बरोबरची मंडळी मला एकट्याला पुढे सोडून मागच्या बाकांवर जाऊन बसली.

फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. शेजारचा किशोर महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला येतो, त्याच्याकडे पत्र देतोय.

हसलीस तरी लोभ राहू दे.

तुझा दादा,
गोमाजी


महाड
१५ जानेवारी

ती. गोमादादास रंगूचा शि. सा. न. वि. वि.

मी आणि सूनबाई पोट धरून हसलो. अरे, म्हातारा झालास, पण निबंध काय सुटला नाय तुझा. साहेबाला मोजमाप पायजे आणि तू लुगडं घेऊन गेलास!

सत्तर सह्या घेतल्यास, पण गावात पाणी कोण भरतं? त्यांना विचारलंस का? सोनाबाईकडे जा. विहिरीचा सामाईक दोर तिच्याकडे असतो. पाणी खाली गेलं की ती नवा तुकडा जोडते, जुना फेकत नाय. कुठली गाठ कुठल्या उन्हाळ्याची ते तिला पाठ हाय. तुझ्या पोरांना कविता नसतील एवढ्या पाठ.

आता मनातलं. आमचा दीपेश त्याच नदीवर डंपर चालवतो. घर त्याच्यावर चाललंय. तुमच्या हरकतीचं नाव काढलं की तो ताटावरून उठतो. म्हणतो, मामाला पेन्शन हाय, त्याला नदीवर प्रेम करायला परवडतं. मी काय बोलू? तो पोटचा, तू सख्खा.

गुडघ्याला लसणीचं तेल लाव. लोभ हाय, तो कमी करू नको.

तुझी रंगू


उंबरकोंड
२० जानेवारी

चि. रंगूस आशीर्वाद, वि. वि.

सोनाबाईने अंगणात दोर पसरला आणि मी शाळेची मीटरपट्टी घेऊन ओणवा झालो. मूळ तुकडा सहा मीटर. पाच उन्हाळे, पाच गाठी, आज अकरा मीटर चाळीस. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एकही उपमा घातली नाही, तुझी शपथ.

मग बायकाच म्हणाल्या, की नुसती बंदी मागू नका, ती दोन महिने टिकते, नियम मागा. विहिरीपासून दोनशे मीटरच्या आत उपसा नको, यंत्र नको, फावड्याने काढा, आणि प्रत्येक गाडीची नोंद गावाच्या वहीत. दीपेशला सांग, त्याची गाडी बंद करायची नाही, भरायची जागा बदलायची आहे.

अडचण एकच. ठेकेदाराचा माणूस सांगत फिरतोय, की आम्ही खालच्या मंजूर जागेतच काढतो. विहिरीजवळ गाडी भरताना पाहिली, असं सभेत कोण सांगणार? घराघरातलं कोणीतरी त्याच कामावर आहे.

भरताना नाही, पण भरून नदीकडून रस्त्याला लागणाऱ्या नऊ गाड्यांचे नंबर आम्ही टिपलेत. त्यात दीपेशचा आहे. तो वगळावा, असं दोघांनी मला हळूच सुचवलं. रंगू, मी वगळणार नाही. भाच्याला सोडून बाकी आठ जणांचे नंबर त्यांच्या तोंडावर कसे वाचू? तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

जमलं तर लोभ ठेव.

दादा


महाड
२३ जानेवारी

दादास नमस्कार.

पत्र दीपेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामाने माझा नंबर वाचला तर पुन्हा या घराची पायरी चढू नये. मी पत्राची घडी करून डब्यात ठेवली.

नंबर वगळ, असं मी लिहिणार नाय. लिहिलं तर तू ऐकशील, आणि मग जन्मभर मला तोंड दाखवणार नायस. पण वाच, असंही माझ्या हातून लिहवत नाय.

तेल लाव.

रंगू


उंबरकोंड
२६ जानेवारी, दुपारी चार

चि. रंगूस आशीर्वाद.

वाचला.

झेंडावंदनानंतर सभा भरली. एकशे बारा माणसं, निम्म्या बायका. दोर टेबलावर होता. मोजमापं वाचेपर्यंत ठीक होतं. सातवा नंबर दीपेशचा. पाणी प्यालो आणि वाचला.

ठेकेदाराच्या माणसाने उठून विचारलं, की विहिरीजवळ गाड्या भरताना प्रत्यक्ष कोणी पाहिल्या? कोणी मान वर केली नाही. सोनाबाई म्हणाली, की यंत्राचा आवाज रोज घरात येतो. तो हसला, की आवाजाची साक्ष चालत नाही गो मावशी. शेवटी सरपंच अनुपमाताईंनी सभा उद्यावर ढकलली. उद्याही साक्षीदार मिळाला नाही, तर दोनशे मीटरची अट गाळावी लागेल. ती गेली की विहीर गेली.

तुझ्या घराची पायरी मी आता चढणार नाही, दीपेशचा तो हक्क आहे. तू मात्र राखी किशोरकडे

बाहेर डंपर येऊन थांबलाय. ठेकेदाराने कोणाला पाठवलेलं दिसतं. लिहितो तेवढं लिहून उठतो.

अगो रंगू, ही तर तूच! चप्पल हातात घेऊन डंपरवरून उतरते आहेस, आणि मी वेड्यासारखा तुलाच पत्र लिहितोय. सभेत काय झालं ते किशोरने फोनवर कळवलं असणार. दीपेश खाली उतरत नाही. स्टिअरिंग धरून तिथूनच विचारतोय, की मामा, उद्या सभा किती वाजता, आणि गाडी कुठे भरायचो ते तोंडी सांगायचं, की सगळ्यांना नेऊन जागेवर दाखवायचं?