दात घासायची राख

३० ऑक्टोबर २००८
रीना राखेचा डबा घेऊन नागपूरला गेली. नात तिथं कॉलेजात बॅटरीवर शिकते. धानाच्या तुसाची राख मीच करून देते, तिच्यातून ती सिलिकॉन काढते आणि बॅटरीत भरते. चार्ज केलं की ते तिप्पट फुगतं, उतरलं की आवळतं. पंधरा खेपांत भेगा पडून भुगा! "शंभर खेपा टिकलं पाह्यजे, आजी." मी म्हणलं, माणूस तरी टिकते का? हसली नाही.

२७ नोव्हेंबर
सुकलूभाऊच्या दुकानात रीनाचा फोन आला. एकशे बारा खेपा! पण तिचे सर म्हणतात, पुन्हा करून दाखव. ताजी राख पाठवली.

१६ डिसेंबर
ताज्या राखेची बॅटरी चौदा खेपांत फुटली. सर म्हणाले, "आधीचे आकडे घरी बसून लिहिले काय?" शनिवारी चार मोठे लोक चौकशीला बसणार. पटलं नाही तर पोरीचं शिक्षण बंद. फोनवर रडत होती — "मी खोटं नाई लिहिलं वं!"
मी म्हणलं, "तुहंच काही चुकलं असन. राख माही आहे. माही राख चुकत नाई."

१८ डिसेंबर
दात घासायच्या राखेची डबी संपली. मोठा डबा उघडला. बोट फिरवलं — अळणी!
दातांसाठी वर्षाची तुसाची राख मी एकदमच मीठ घालून ठेवते. मग हा डबा बिनमिठाचा कसा? दोन्ही डबे सारखेच. दिवाळीत रीनाने खारट नेला. मीच हातात दिला होता.
बोललेले शब्द आठवून तोंड कडू झालं.

१९ डिसेंबर
गावातला फोन मेलेला. उद्या शनिवार! पहिल्या एसटीने कुरखेड्याला. तीनदा लावला, चौथ्यांदा उचलला.
"रीना, मी चुकली. त्या राखेत मीठ होतं. दाताची होती."
तिकडं वहीची पानं फडफडली.
"किती होतं मीठ, आजी?"
"शेरभर राखेले एक मूठ."
"सरांले काय सांगू? मंजनाची बॅटरी केली म्हणून?"
"सांग. मले हसले तं हसू दे, तुले चोर नको म्हणू दे."

२० डिसेंबर
फोन अजून मेलेलाच. जेवण गेलं नाही. सुकलूभाऊवर उगाच ओरडले.

२२ डिसेंबर
फोन सुरू झाला. चौघेही हसले म्हणे. हसून हसून जानेवारीअखेरपर्यंत वेळ दिला. मीठ घालून करून दाखव, नाहीतर घरी जा.

१४ जानेवारी २००९
रीनाचं काही कळलं नाही. संक्रांत आहे. असू दे.

२९ जानेवारी
एकशे तीस, अजून चालू! सिलिकॉन काढायच्या भट्टीत मीठ ताप खाऊन टाकते म्हणे, मग दाण्यातली बारीक भोकं वितळून बुजत नाहीत, फुगायला जागा मिळते. सर येत्या सोमवारी इथी येऊन राह्यले. तराजू घेऊन. माही मूठ मोजाले!